कोळशाच्या ब्रशाचा कर्ता कोण ?

विजेच्या यंत्रांचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांत लोहचुंबक, तारांचीं वेटोळीं व त्यांच्या मांडणीचे शोधक यांची हकीकत विस्तारानें येते. फिरत्या भागांत उत्पन्न झालेली वीज स्थिर तारेंत उतरवावयाची कशी, हा प्रश्न मात्र बहुधा एका ओळींत आटोपलेला दिसतो. 'पुढें तांब्याच्या ब्रशांच्या जागीं कार्बनचे ब्रश आले' एवढें म्हणून ग्रंथकार दुसऱ्या विषयाकडे वळतो. ते कोणीं आणले, केव्हां आणले, आणि वीज वाहून नेण्यांत तांब्याहून शेंकडों पटींनीं निकृष्ट असा पदार्थ तांब्याच्या जागीं बसविण्यांत काय साधलें, ह्याचा उलगडा त्या ओळींत होत नाहीं. ज्यांनीं हें काम केलें त्यांपैकीं एकाचें वार्धक्य दारिद्र्यांत गेलें, व त्याचें नांव कारखान्यांतून जवळजवळ पुसलें गेलें. म्हणून त्या एका ओळीची फोड करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रश्नाचीं साधनें म्हणजे पेटंटांचे दाखले, तत्कालीन संस्थांच्या इतिवृत्तांतील व पाठ्यग्रंथांतील उल्लेख, आणि त्या धंद्यांतल्या लोकांनीं उतारवयांत सांगितलेल्या आठवणी. बखरीपेक्षां समकालीन अस्सल कागदास अधिक मान द्यावा, हा कै. राजवाडे यांनीं घालून दिलेला दंडक येथेंहि लागूं पडतो. पेटंटाचा कागद मात्र मोठा चमत्कारिक आहे. तो अर्जदाराची कैफियत असतो आणि त्याच वेळीं सरकारची सनदहि असतो. तारखेविषयीं त्याच्यासारखा विश्वासू साक्षीदार नाहीं. पण त्यांत वर्णिलेलें यंत्र प्रत्यक्ष चाललें किंवा कसें, ह्याविषयीं तो शपथ घेत नाहीं. वस्तूंचा पुरावा पाहावा तर तोहि थोडा. झिजणें हेंच ज्याचें काम, तो जिन्नस संग्रहालयाच्या दारापर्यंत पोंचण्याआधींच धूळ होऊन गेलेला असतो. मागें राहते ती त्याची पितळी बैठक व एखादी स्प्रिंग.

प्रथम नांवाचा विचार करूं. ब्रश म्हणजे कुंचा. परंतु ज्यास आपण कार्बन ब्रश म्हणतों तो कोळशाचा चौकोनी ठोकळा असून त्यास एकहि केस नसतो. नांव मागल्या पिढीचें उरलेलें आहे. बेल्जममध्यें जन्मलेल्या झेनोब ग्राम ह्यानें आपला डायनॅमो १८७१ सालीं पॅरिसच्या शास्त्र-अकादमीपुढें मांडला. त्याच्या यंत्रांत फिरत्या नळकांड्यावर तांब्याच्या बारीक तारांच्या जुड्या टेकलेल्या असत, आणि त्या खरोखरच कुंच्यासारख्या दिसत. जुड्या गेल्या, शब्द राहिला. सूचि चाळणाऱ्या अभ्यासकांस येथें एक सूचना करणें जरूर आहे. त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांत 'ब्रश डायनॅमो' असा प्रयोग वारंवार आढळतो. त्याचा ह्या कुंच्याशीं कांहीं संबंध नाहीं. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरचा चार्ल्स फ्रान्सिस ब्रश (१८४९–१९२९) ह्याच्या आडनांवावरून तो पडलेला आहे. गंमत अशी कीं, ह्या ब्रशच्या कंपनींत पूर्वी असलेल्या डब्ल्यू. एच्. लॉरेन्सनें १८८६ सालीं त्याच शहरीं नॅशनल कार्बन कंपनी काढली, आणि पुढें ती कार्बनच्या ब्रशांची मोठी कारखानदार झाली. तेव्हां आडनांव व जिन्नस अगदींच अनोळखी राहिले नाहींत.

ग्रामच्या आधींचा काळ मुख्यतः पाऱ्याचा. मायकेल फॅरडेनें १८२१ सालीं वीज वाहणारी तार चुंबकाभोंवतीं फिरवून दाखविली तेव्हां तारेचें खालचें टोंक पाऱ्यांत बुडलेलें होतें. दुसऱ्याच वर्षीं पीटर बार्लोनें जें दांतेरी चाक केलें त्याचे दांते एकामागून एक पाऱ्याच्या खोबणींत बुडत. पारा द्रवरूप, म्हणून संपर्क सुटत नाहीं व झीजहि नाहीं. पण तो उडतो, ठिणगीनें मळतो, आणि त्याची वाफ विषारी. प्रयोगाच्या मेजापलीकडे त्याचा निभाव लागण्यासारखा नव्हता. २८ ऑक्टोबर १८३१ रोजीं फॅरडेनें रॉयल सोसायटीच्या मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्यें बारा इंच व्यासाची तांब्याची तबकडी फिरवून अखंड प्रवाह काढला. त्या प्रयोगाचें त्याचें टांचण ह्या विषयाच्या अभ्यासकानें मुद्दाम पाहावें. तबकडीच्या कडेस टेकविण्यासाठीं त्यानें तांब्याच्या व शिशाच्या पट्ट्या केल्या, बाकदार कडेशीं त्या नीट बसाव्या म्हणून त्यांच्या टोंकांस किंचित् खोबण दिली, आणि पट्ट्यांच्या टोंकांस, तबकडीच्या कडेस व आंसाभोंवतीं पारा चोळला. म्हणजे धातूचा टिकाऊपणा व पाऱ्याची चिकाटी ह्यांची सांगड घालण्याचा यत्न पहिल्याच यंत्रापासून चालूं होता. सरकता संपर्क हा यंत्राचा दुय्यम भाग आहे असें फॅरडेनें मानलें नाहीं; तसें मानणें नंतरच्या ग्रंथकारांनीं सुरू केलें.

पुढच्या वर्षीं पॅरिसमध्यें हिपोलीट पिक्सीनें हातानें फिरवावयाचें यंत्र केलें. त्यांतील प्रवाह अर्ध्या फेऱ्यागणिक उलटे, तेव्हां आंपेरच्या सूचनेवरून त्यानें तो एकाच दिशेनें बाहेर काढणारी जोड बसविली. हाच कम्युटेटराचा आरंभ. कम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्या उभ्या लावून केलेलें नळकांडें; दर दोन पट्ट्यांमध्यें अभ्रकाचा पापुद्रा असतो, व जगभरच्या यंत्रांत गेलेलें तें अभ्रक बव्हंशीं आपल्याच हजारीबाग–कोडरमा बाजूचें असे. नळकांडें फिरूं लागलें म्हणजे ब्रशाखालून एक पट्टी जाते, दुसरी येते. ज्या क्षणीं ब्रश दोन पट्ट्यांवर पडतो त्या क्षणीं त्यांस जोडलेलें वेटोळें ब्रशांतूनच बंद होतें, आणि तेवढ्या अल्प अवधींत त्या वेटोळ्यांतील प्रवाहास उलटें वळावयाचें असतें. सर्व कलहाचें मूळ येथें आहे. ब्रश तांब्याचा असला म्हणजे बंद झालेल्या वेटोळ्यांतून मोकाट प्रवाह धांवूं लागतो, आणि मागची पट्टी ब्रशापासून सुटतांच तो तुटून ठिणगी उडते. ठिणगीनें पट्टीची कड जळते, जळक्या कडेवरून ब्रश उडतो, उडाला म्हणजे आणखी ठिणगी.

१८७० नंतरच्या पंधरा वर्षांत डायनॅमोघरांत जे हाल झाले ते ह्यामुळें. तारांच्या जुड्या, तांब्याचे पातळ पत्रे एकावर एक रचून केलेले गठ्ठे, तारेच्या जाळीच्या वळकट्या, असे प्रकार क्रमानें निघाले. ब्रश वरचेवर कापून, कानस मारून नीट करावे लागत. यंत्रावरचा भार वाढला कीं ब्रश किंचित् पुढें सरकवावयाचे, कमी झाला कीं मागें आणावयाचे. ह्या कामासाठीं एक माणूस यंत्रापाशीं उभा राही. धातूचा ब्रश नळकांड्यावर कललेला बसवीत, त्यामुळें यंत्र उलटें फिरविलें तर त्याचीं टोंकें अडकून चुरा होई. दिव्यांपुरतें यंत्र एकाच दिशेनें व सारख्या वेगानें फिरत असल्यामुळें हें सगळें कसेंबसें चालून जात होतें.

अशा स्थितींत १८८५ सालीं जॉर्ज फोर्ब्स ह्यानें ब्रिटिश पेटंट घेतलें. त्याचें शीर्षक मराठींत सांगावयाचें तर 'परस्परसापेक्ष गति असलेल्या पृष्ठांमध्यें विद्युत्संबंध जोडण्याचें, डायनॅमोच्या संग्राहकांस लागूं पडणारें, सुधारलेलें साधन' असें होतें. तारेच्या जाळीऐवजीं कार्बनचा तुकडा वापरावा, हें त्यांतील मर्म. लक्ष्यांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, शीर्षकांत 'कार्बन' हा शब्दच नाहीं, आणि 'ब्रश' हाहि नाहीं. केवळ शीर्षकांवरून शोध घेणाऱ्यास हा कागद सांपडणार नाहीं. आपल्या दप्तरांत 'किरकोळ' म्हणून बांधलेल्या रुमालांत कित्येकदां महत्त्वाचें पत्र निघतें, त्यांतलाच हा प्रकार.

फोर्ब्स हा कारागीर नव्हे, पंडित होता. जन्म १८४९, एडिंबरो. वडील जेम्स डेव्हिड फोर्ब्स हे नामांकित पदार्थविज्ञानशास्त्री. १८७२ त तो ग्लासगोच्या अँडर्सन कॉलेजांत प्राध्यापक झाला. १८७४ त शुक्राचें अधिक्रमण पाहण्यासाठीं हवाई बेटांत गेला. १८७७ त रूस-तुर्कांच्या युद्धांत 'टाइम्स' पत्राचा बातमीदार म्हणून हिंडला. १८८० त नेपच्यूनपलीकडे ग्रह असावा असें गणित मांडलें. एवढ्या वाटांनीं फिरलेल्या मनुष्यास कोळशाची कल्पना सुचावी ह्यांत मला आश्चर्य वाटत नाहीं. कोळसा त्या काळीं प्रत्येक डायनॅमोघरांत पडलेला असेच. आर्क-दिव्याच्या कांड्या कोळशाच्याच. वीजवाहक म्हणून तो परिचित होता, मऊ होता, व ठिणगीनें वितळत नव्हता. नळकांड्याशीं त्याची गांठ घालण्यास बाहेरची दृष्टि लागली. अमेरिकेंतील हक्क त्यानें वेस्टिंगहाउस कंपनीस २,००० पौंडांस विकले.

दुसरा पक्ष चार्ल्स व्हॅन डेपोल ह्याचा. हा मूळचा बेल्जममधील, जन्म १८४६. अमेरिकेंत जाऊन त्यानें विजेच्या ट्रामगाड्यांचा उद्योग केला, आणि १८८८ सालीं तो मॅसॅच्युसेट्समधील लिन शहरच्या थॉम्सन-ह्यूस्टन कंपनीकडे आला. ट्रामच्या मोटारीपुढें डायनॅमोघरापेक्षां अगदीं वेगळा पेंच होता. गाडी पुढें जाते तशी मागेंहि जाते, चढावर भार एकदम वाढतो, आणि मोटार गाडीच्या खालीं धूळचिखलांत असल्यामुळें ब्रश मागेंपुढें सरकवावयास तेथें माणूस बसूं शकत नाहीं. त्याच वर्षीं फ्रँक स्प्रेगनें रिचमंड शहरीं चाळीस गाड्यांची मोठी ट्राम चालूं केली, तिच्या आरंभींच्या मोटारींत धातूचेच ब्रश होते. त्यांच्या नळकांड्यांनीं व ब्रशांनीं त्यास किती छळलें हें त्यानें पुढें सांगून ठेविलें आहे. व्हॅन डेपोलनें लिन येथें कार्बनचे ठोकळे नळकांड्यावर सरळ, काटकोनांत, स्प्रिंगनें दाबून बसविले. असा ठोकळा दोन्ही दिशांस सारखाच चालतो, आणि भार बदलला तरी जागचा हलवावा लागत नाहीं. थोड्याच वर्षांत ट्रामच्या मोटारींतून तांब्याचे ब्रश नाहींसे झाले. व्हॅन डेपोल १८९२ त वारला, तें पाहण्यास फार काळ राहिला नाहीं.

कित्येक ग्रंथांत कार्बन ब्रशाचें श्रेय एकट्या व्हॅन डेपोलला दिलेलें आढळतें. त्याचें कारण मला असें दिसतें कीं, ट्रामच्या धंद्यांतील माणसांनीं जें स्वतः पाहिलें तेंच आठवणींत सांगितलें, व ग्रंथकारांनीं तें उतरून घेतलें. पाहिलेलें खोटें नव्हतें. पण जो कागद त्यांच्या कारखान्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे होता तो त्यांच्या आठवणींत येण्याचें प्रयोजनच नव्हतें. माझा निर्णय असा : कल्पनेचें व लेखी दाव्याचें प्राथम्य निःसंशय फोर्ब्सचें, आणि तें तीन वर्षांनीं आधींचें आहे. कार्बन उभा व सरळ बसवून उलट-सुलट चालणाऱ्या यंत्रांत त्याची उपयुक्तता सिद्ध करण्याचें श्रेय व्हॅन डेपोलचें. किल्ला बांधणारा व किल्ला लढविणारा ह्यांचीं नांवें एकाच सनदेंत कोंबण्याचें कारण नाहीं.

पण कार्बन तांब्याहून चांगला ठरला तो कां ? मऊपणा व वंगणासारखा गुण हें एक उत्तर. तें कोणाहि कारागिराच्या ध्यानांत येई. दुसरें उत्तर मात्र वरकरणीं उलटें आहे. कार्बनचा अवरोध जास्त, हाच त्याचा दोष, आणि हाच त्याचा गुण. कार्बन व तांबें ह्यांच्या संपर्कांत सुमारें एक व्होल्ट दाब खर्ची पडतो. बंद झालेल्या वेटोळ्यांतून धांवूं पाहणाऱ्या मोकाट प्रवाहास हा अडथळा आवरून धरतो, आणि पट्टी सुटतांना तुटण्यासारखें फारसें कांहीं राहत नाहीं. बाहेर जाणाऱ्या विजेंतून थोडा कर द्यावा लागतो खरा, पण त्या करावर नळकांड्याचा बंदोबस्त होतो. जेथें यंत्राचा एकूण दाबच पांच-सहा व्होल्ट, जसें मुलामा चढविण्याच्या कारखान्यांत, तेथें हा कर परवडत नाहीं. म्हणून अशा ठिकाणीं तांब्याची पूड व ग्रॅफाइट एकत्र दाबून केलेले ब्रश वापरतात. मापनयंत्रांच्या सूक्ष्म प्रवाहासाठीं रुपें व ग्रॅफाइट ह्यांचें मिश्रण योजितात.

पदार्थाची शुद्धता हा पुढचा टप्पा. आरंभींचा कार्बन कठीण व कमअधिक राखेचा असे. राखेचे कण तांब्यावर ओरखडे पाडीत. फ्रान्समध्यें ल कार्बोन ह्या कारखान्याकडे जिरार व स्ट्रीट ह्यांनीं १८९३ त विजेच्या भट्टींत कार्बन तापवून त्याचें ग्रॅफाइट करण्याची कृति काढली. अमेरिकेंत एडवर्ड अ‍ॅचेसननें १८९६ त कृत्रिम ग्रॅफाइटाचें पेटंट घेतलें व १८९९ त नायगारा येथें त्याची कंपनी निघाली. २,५०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापमान गेलें कीं कार्बनमधील अशुद्ध द्रव्यें उडून जातात व कण पापुद्र्यांसारखे मांडले जातात. ह्या भट्ट्यांस लागणारी वीज नायगाऱ्याच्या धबधब्याची, आणि त्या धबधब्यावरील पहिल्या मोठ्या विद्युत्केंद्राच्या यंत्रांचा सल्लागार, १८९० नंतरच्या वर्षांत, हाच जॉर्ज फोर्ब्स होता. लंडनच्या बॅटरसी भागांतील मॉर्गन क्रूसिबल कंपनी सिंहलद्वीपच्या ग्रॅफाइटाच्या मुशी करीत असे. तिनेंहि पुढें ब्रशांचा धंदा उचलला.

ग्रॅफाइट स्वभावतःच निसरडें आहे अशी समजूत दुसऱ्या महायुद्धापर्यंत सर्वत्र होती. ती विमानांनीं मोडली. तीस हजार फुटांच्या सुमारास उडणाऱ्या विमानांतील जनित्रांचे ब्रश, जे जमिनीवर शेंकडों तास टिकत, ते कांहीं तासांत, कधीं त्याहूनहि लवकर, काळी धूळ होऊन संपूं लागले. ठिणग्या नाहींत, भार जास्त नाहीं, तरी ब्रश नाहींसा ! शोधाअंतीं आढळलें तें असें कीं, तेवढ्या उंचीवर हवेंत पाण्याची वाफ जवळजवळ नसते, आणि ग्रॅफाइटाचा निसरडेपणा त्या वाफेवरच अवलंबून आहे. वाफेचे रेणू पापुद्र्यांच्या मोकळ्या कडांस चिकटून त्यांस शांत करतात. वाफ नसली कीं त्या कडा तांब्यास व एकमेकांस ओरबाडतात. वेस्टिंगहाउसच्या हॉवर्ड एल्सीनें ब्रशांत धातूंचे हॅलाइड क्षार मुरविण्याचा उपाय १८८५ च्या पेटंटानंतर बरोबर साठ वर्षांनीं, १९४५ त, अमेरिकन इंजिनियरांच्या संस्थेपुढें मांडला. जनरल इलेक्ट्रिकच्या आर. एच्. सॅव्हेजनें १९४८ त मोजून दाखविलें कीं, पाऱ्याच्या कांहीं मिलिमीटर दाबाइतकी वाफ मिळाली तरी झीज थांबते. नळकांड्यावर जो तपकिरी लेप चढतो, व जो पाहून जुने मिस्त्री यंत्राची प्रकृति ओळखतात, तो तांब्याचा गंज, ग्रॅफाइट व हवेंतील ओल ह्या तिहींचा मिळून झालेला असतो. फोर्ब्स व व्हॅन डेपोल ह्यांनीं कोळसा लावला तेव्हां त्यांच्याबरोबर हवाहि काम करीत होती.

आपल्याकडे ह्या पदार्थाचा मोठा प्रवेश ट्राम व आगगाडी ह्यांबरोबर झाला. मुंबईंत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं सुरू झाली व ३१ मार्च १९६४ रोजीं बंद पडली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही हार्बर मार्गावरील पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धांवली. तेव्हांपासून कित्येक दशकें उपनगरी गाड्यांच्या मोटारी कोळशाच्या ब्रशांवर चालल्या. एप्रिल २०१६ मध्यें त्याच हार्बर मार्गावरून एकदिश प्रवाह उठला. नव्या गाड्यांच्या त्रिकला मोटारींस कम्युटेटरहि नाहीं व ब्रशहि नाहीं. कारखान्यांतील ब्रशांच्या नोंदवह्या, बदलाच्या तारखा व पुरवठादारांचे मालपत्रक हीं त्या नव्वद वर्षांचीं साधनें होत, आणि रद्दीच्या भावानें जाणारीं साधनें आहेत. संग्राहकांनीं तिकडे अद्याप दृष्टि वळविलेली दिसत नाहीं. घरगुती मिक्सर दुरुस्त करणारा मनुष्य 'कार्बन गेले' एवढेंच म्हणतो. ब्रश हा शब्द त्यानें टाकून दिला आहे, व फोर्ब्सच्या शीर्षकांत जो नव्हता तो ठेविला आहे.

फोर्ब्सच्या उत्तरायुष्याची हकीकत राहिली. १८८७ त तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. नायगाऱ्यानंतर न्यूझीलंड, ईजिप्त इत्यादि देशांतील जलविद्युत्-योजनांवर त्यानें सल्ला दिला. १९०६ त त्यानें स्कॉटलंडांत पिटलॉख्री येथें 'द शेड' नांवाचें लांकडी घर बांधलें व तेथें आपल्या ग्रंथसंग्रहासह एकटा राहिला. ज्याच्या कल्पनेवर लाखों यंत्रें फिरत होतीं त्यास १९२८ च्या सुमारास अन्नवस्त्राचीहि पंचाईत पडलेली मित्रांच्या दृष्टीस आली; त्यांनीं व धंद्यांतील संस्थांनीं वर्गणी करून त्याची सोय लाविली. २२ ऑक्टोबर १९३६ रोजीं वर्दिंग येथें तो अपघातानें वारला. त्याचे कागद सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जतन केलेले आहेत.